कुटुंबप्रमुख : इंदुताई पाटणकर

(तिसगाव, ता. पाथर्डी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकाने केलेल्या भाषणाचा लेखरूप मजकूर.)



अभ्यासवर्गाच्या संयोजकांनी मला जो विषय दिला होता, तो ‘स्त्रियांचे श्रम आणि राष्ट्रीय उत्पन्न’ असा होता. विषय माझ्या धंद्यातला आहे. पस्तीस वर्षे फळ्यावर खडूने राष्ट्रीय उत्पन्नाच्या व्याख्या लिहून मी पोट भरले. परंतु व्याख्या सांगून झाल्या की वर्गातली मुले जांभया देऊ लागतात, हा अनुभवही तितकाच जुना आहे. म्हणून हा विषय आज मी एका बाईच्या आयुष्याच्या आधाराने मांडायचे ठरवले आहे. त्या बाई म्हणजे सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या इंदुताई पाटणकर. १५ सप्टेंबर १९२५ रोजी त्यांचा जन्म झाला. २०२५ साली त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण झाली. १४ जुलै २०१७ रोजी कासेगावातच त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय एक्क्याण्णव होते. स्वातंत्र्यसैनिक, शिक्षिका, सासू, आजी, परित्यक्ता स्त्रियांच्या लढ्याच्या पुढारी, असे त्यांचे दीर्घ आयुष्य. यांतल्या ‘शिक्षिका’ या शब्दापाशी मी अधिक वेळ थांबणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तिसगावात कासेगावचे काय काम, असे कोणी विचारील. सांगतो. या पाथर्डी तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास ज्या गाड्या भरून निघतात, त्यांतल्या कित्येक कृष्णाकाठच्या कारखान्यांच्या फडांवर जातात. तुमच्यापैकी अनेकांच्या आयाबहिणींनी वाळवा तालुक्यातल्या उसाच्या मोळ्या बांधल्या आहेत. कासेगाव त्याच वाळवा तालुक्यात आहे. त्या बाजूला आपली माणसे अंगमेहनत घेऊन जातात. तिकडचा एखादा विचार परतीच्या गाडीत घालून इकडे आणायला काय हरकत आहे? आणखी एक खुलासा. पाथर्डीकरांना ‘बाबूजी’ म्हटले की बाबूजी आव्हाड आठवतात, आणि ते योग्यच आहे. माझ्या भाषणात जे बाबूजी येतील ते मात्र इंदुताईंचे पती, कासेगावचे बाबूजी पाटणकर होत.

इंदुताईंचे माहेर कराड तालुक्यातले इंदोली. वडील दिनकरराव निकम. १९३० च्या कायदेभंगात ते तुरुंगात गेले आणि तेथे त्यांचा साम्यवादी विचारांशी परिचय झाला. त्या काळी तुरुंग हेच आपल्या चळवळीचे विद्यापीठ होते. आत जाताना माणूस नुसता देशभक्त असे आणि बाहेर येताना त्याच्याजवळ जगाविषयी काही एक विचार असे. अशा घरात वाढलेली मुलगी दहाबारा वर्षांची असतानाच प्रभातफेऱ्यांत आणि काँग्रेसच्या प्रचारात फिरू लागली. घरात पुस्तके होती, भूमिगतांची आणि सत्याग्रहींची ये-जा होती. कुणब्याच्या घरात मुलीला पुस्तक मिळणे ही त्या काळी किती दुर्मीळ गोष्ट होती, हे येथे बसलेल्या वयस्कर भगिनींना मी सांगायला नको.

१९४२ साल आले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या वरिष्ठ नेत्यांना पकडून येथून जवळच नगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवले गेले. पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल तेथे होते; आपल्या समाजवादी परंपरेचे आचार्य नरेंद्र देवही होते. किल्ल्याच्या भिंतीआड नेहरूंनी आपला ‘भारताचा शोध’ लिहिला. आपण नगरचे लोक त्याचा अभिमान बाळगतो आणि पाहुणा आला की किल्ला दाखवतो. पण नेते किल्ल्यात अडकले असताना बाहेर देश कोण चालवीत होते? साताऱ्याकडे पाहा. तेथे सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी लग्नाचा विषय बाजूला सारून घराबाहेर पडली होती. राष्ट्र सेवा दलाच्या कामात, बायकांना एकत्र करण्याच्या कामात ती शिरली आणि १९४३ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या भूमिगत कामात सामील झाली.

प्रतिसरकार म्हटले की आपल्याला आगगाडी लुटणे, खजिना लुटणे आणि पायांना पत्री ठोकणे एवढेच आठवते. हे सगळे रोमहर्षक खरेच. परंतु १९४३ ते १९४६ या काळात शेकडो गावांत जे लोकांचे राज्य चालले, ते बंदुकीच्या जोरावर चालले असते तर चार महिन्यांत कोसळले असते. ते चालले न्यायदान मंडळांवर, दारूबंदीवर, वाचनालयांवर, आणि हुंडा-मानपान यांना फाटा देऊन लावलेल्या साध्या गांधी-विवाहांवर. आणि या सर्वांच्या खाली आणखी एक पाया होता. भूमिगत माणसाला रात्री-अपरात्री भाकरी लागते. निरोप पोचवावा लागतो. पोलिसांनी घर वेढले तर परसदारातून वाट काढून द्यावी लागते. हे काम बायकांचे. इंदुताई आणि त्यांच्यासारख्या इतर तरुणी पिस्तुले-रिव्हॉल्व्हरे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवीत असत. बाईची झडती सहसा होत नसे, हा त्यातला हिशेब. सरकारने बाईला गृहीत धरले होते आणि त्या गृहीत धरण्याचाच चळवळीने उपयोग करून घेतला. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाताई पाटील यांचे निधन २०२१ साली झाले. अशा बायकांची ही शेवटची पिढी आपल्या डोळ्यांदेखत संपली.

१ जानेवारी १९४६ रोजी इंदुताईंचा बाबूजी पाटणकरांशी विवाह झाला. बाबूजीही प्रतिसरकारचेच कार्यकर्ते. कासेगाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. स्वातंत्र्य आल्यावर भूमिगतांपैकी काही सत्तेकडे गेले, काही शेतीवर परतले आणि काहींना वाटले की आपले काम अजून अर्धेच झाले आहे. पाटणकर पती-पत्नी या तिसऱ्या प्रकारातले. ते प्रथम समाजवादी पक्षात होते. पुढे अरुणा असफअलींच्या डाव्या गटाबरोबर गेले आणि नंतर कम्युनिस्ट पक्षाकडे वळले. या व्यासपीठावरून हे सांगताना मला संकोच वाटत नाही. आपल्याकडून निघून गेलेल्या माणसांचा हिशेब आपण नेहमी खर्चाच्या बाजूला मांडत आलो. पण गावात शाळा उभी करायची वेळ आली की हे सारे गट एका ओट्यावर बसत. कासेगावात आझाद विद्यालय उभे राहिले ते अशाच वातावरणात.

१९५२ साली बाबूजींचा खून झाला.

हे वाक्य मी मुद्दाम लहान ठेवले आहे. खून का झाला, मागे कोण होते, याची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती करायची तर वेगळे भाषण लागेल. मला विचारायचे आहे ते दुसऱ्या दिवशीचे. चळवळीच्या इतिहासात हुतात्म्याच्या मृत्यूपाशी प्रकरण संपते, श्रद्धांजलीची सभा होते, ठराव होतो. परंतु घरात प्रकरण तेथे सुरू होते. सत्तावीस वर्षांची विधवा. मुलगा भारत जेमतेम तीन वर्षांचा. मुलगा गमावलेली सासू आणि नवरा गमावलेली सून, अशा दोघी एका छपराखाली. पीठ आणायचे कशातून? इंदुताईंनी शिक्षिकेची नोकरी धरली. सासूने नातवाला पाहिले आणि सून शाळेत गेली. या व्यवस्थेला अर्थशास्त्रात नाव नाही. कारखानदाराने केली असती तर आम्ही तिला श्रमविभागणी म्हटले असते.

आता शिक्षिका या शब्दापाशी थांबू. १९५० च्या दशकातल्या खेड्यात शिक्षिका म्हणजे काय, हे आजच्या तरुण कार्यकर्त्यांना कल्पनेनेच जाणावे लागेल. दर महिन्याला रोख रक्कम हातात येणारी, स्वतःच्या नावाने सही करून पगार घेणारी बाई त्या काळच्या गावात क्वचितच दुसरी असे. शेतात राबणारी बाई दिवसाला काय मिळवते हे तिच्या नवऱ्याला ठाऊक असे, कारण मजुरी बहुधा त्याच्या हातात पडे. शिक्षिकेची गोष्ट वेगळी. शिवाय तिच्या हातात हजेरीपट असे. कोणती मुलगी श्रावणात यायची थांबली, कोणत्या मुलाची आई माहेरी निघून गेली, कोणाच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही, हे हजेरीपट वाचणारीला तलाठ्याच्या आणि पोलिसपाटलाच्या आधी कळते. गावाची पाहणी करायला आम्ही विद्यापीठातले लोक प्रश्नावल्या घेऊन जातो. ती पाहणी शिक्षिका रोज सकाळी नावे पुकारताना करीत असते. कार्यकर्त्याला गावात शिरायला निमित्त लागते. तिला लागत नाही. पुढे इंदुताईंनी बायकांची जी संघटना बांधली, तिची मुळे वर्गखोलीत आहेत, असे माझे मत आहे. कोणाला ते पटणार नाही, पण बाई माणसाला आधी कोणावर विश्वास ठेवते, तर आपल्या लेकराला शिकवणारीवर, हे तुम्ही आपापल्या गावात पडताळून पाहा.

येथे एक गोष्ट ओघात सांगून टाकतो. ज्ञानदानाच्या या परंपरेत नगरला उपरे समजण्याचे कारण नाही. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते नगरला, मिस फरार यांच्याकडे. मुलींच्या शिक्षणाचा महाराष्ट्रातला प्रवाह पुण्यातून सुरू झाला असे आपण म्हणतो, त्याचा एक झरा या जिल्ह्यात आहे. किल्ला दाखवताना पाहुण्याला हेही सांगत जा.

पुन्हा कासेगावला. नोकरी, घर, आणि सोबत शेतमजुरांच्या व स्त्रियांच्या लढ्यांतला सहभाग, असे इंदुताईंचे जीवन पुढची काही दशके चालले. मुलगा शिकला, डॉक्टर झाला, आणि डॉक्टरकीचा धंदा न करता पूर्णवेळ कार्यकर्ता झाला. डॉ. भारत पाटणकर यांचे नाव तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. १९८० साली स्थापन झालेल्या श्रमिक मुक्ती दलाचे ते नेते. दुष्काळी भागात समान पाणीवाटपाची मागणी, भूमिहीनालाही पाण्याचा वाटा मिळाला पाहिजे हे तत्त्व, खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी उभे केलेले बळीराजा स्मृती धरण, ही सगळी त्यांच्या कामाची ओळख.

माझा प्रश्न असा आहे. पूर्णवेळ कार्यकर्ता हा शब्द आपण फार आदराने उच्चारतो. मीही उच्चारतो. परंतु पूर्णवेळ कार्यकर्ता जेवतो कोठे? त्याच्या घराची फी, औषध, लग्नकार्य कोणाच्या मिळकतीतून होते? पक्षाकडून मिळणाऱ्या मानधनात काय भागते ते येथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून त्याविषयी मी बोलत नाही. महाराष्ट्रातल्या समाजवादी, साम्यवादी, सर्वोदयी घरांची यादी केलीत तर घरोघर एक पगारदार शिक्षिका, परिचारिका किंवा शिवणकाम करणारी बाई सापडेल. तिचा पगार हाच चळवळीचा खरा राखीव निधी. आपल्या अहवालांत देणगीदारांची नावे छापली जातात, पन्नास रुपये देणाऱ्याचेसुद्धा. ज्या बाईने तीस वर्षे पगार दिला तिचे नाव कोणत्या अहवालात आहे?

अर्थशास्त्र या बाबतीत आपल्याहून शहाणे नाही. पिगू नावाचे केंब्रिजचे मोठे अर्थशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १९२० सालच्या आपल्या ग्रंथात एक विसंगती दाखवली. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकाम करणाऱ्या पगारी बाईशी लग्न केले, तर देशाचे राष्ट्रीय उत्पन्न कमी होते. कारण ती पूर्वी करीत होती तेच काम पुढेही करते, पण आता पगार घेत नाही. वर्गात हे सांगितले की मुले हसत. मुली सहसा हसत नसत. पिगूंनी हे लिहिले त्याला शंभर वर्षे उलटली, तरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत घरातल्या स्वयंपाकाला, धुण्याला, म्हाताऱ्याच्या सेवेला अद्याप जागा नाही. निदान वेळेचा हिशेब तरी आता होऊ लागला आहे. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांचे दहा मिनिटांचे ओझे उतरले म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांनीही नऊ मिनिटे काढून घेतली आहेत! आणि हे ८८ देखील जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच सरासरी आहे. न लावणारे त्यात धरलेले नाहीत.

इंदुताईंच्या घराची आणखी एक हकिगत आहे. ती सांगितल्यावाचून त्यांचे कुटुंबप्रमुखपण ध्यानात यायचे नाही. १९७६ साली त्या घरात सून आली ती अमेरिकेच्या मिनियापोलिस शहरात जन्मलेली. गेल ऑम्वेट. बर्कली विद्यापीठात सत्यशोधक चळवळीवर प्रबंध लिहून त्यांनी १९७३ साली डॉक्टरेट मिळवली होती. कासेगावच्या घरात त्या आल्या, राहिल्या, १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या, आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचे निधन झाले. जोतीराव फुले, डॉ. आंबेडकर, दलित चळवळ, संतपरंपरा यांवर जगभर वाचले जाणारे लेखन करणारी विदुषी चाळीस-पंचेचाळीस वर्षे एका खेड्यातल्या घरात नांदली, याचे श्रेय तिला आहेच. पण सासूला नाही काय? आपल्याकडे शेजारच्या तालुक्यातली, पण दुसऱ्या पोटजातीची सून आली तर वर्षभर घरात धुसफूस चालते. इंदुताईंच्या स्वतःच्या संसारात त्यांची सासू त्यांच्यामागे उभी राहिली होती, त्या आपल्या सुनेमागे उभ्या राहिल्या. सासू-सुनेचे नाते हा शोषणाचाच एक प्रकार असतो असे स्त्रीमुक्तीच्या काही पुस्तकांत वाचायला मिळते. पुष्कळ घरांत ते खरेही आहे. पाटणकरांच्या घरात मात्र ते नाते दोन पिढ्या चळवळीचे खांब होऊन उभे राहिले.

नोकरीतून मोकळ्या झाल्यावर बाई देवदेव करील, नातवंडे सांभाळील, अशी आपली अपेक्षा असते. १९८० च्या दशकात साठीच्या घरात असलेल्या इंदुताई स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या पुढारी म्हणून सांगली-सातारा भागात परित्यक्ता स्त्रियांना घेऊन रस्त्यावर आल्या. परित्यक्ता म्हणजे नवऱ्याने टाकलेली. कायद्याने ती विवाहित, व्यवहाराने निराधार. सासरच्या शिधापत्रिकेवरून नाव कमी झालेले, माहेरच्या शिधापत्रिकेवर भावजय चढवू देत नाही. माझी एक आत्या अशी होती. ती चाळीस वर्षे भावांच्या घरांत आळीपाळीने राहिली, प्रत्येक घरात राबली, आणि ती गेली तेव्हा तिच्या नावाचा एकही कागद घरात सापडला नाही. गावकऱ्यांनी तिला ‘फार मायाळू होती’ म्हणून नावाजले. मायाळू होतीच. पण साखरेचे दोन किलो स्वतःच्या हक्काने आणण्याची सोय तिला नव्हती.

इंदुताईंच्या चळवळीने ज्या मागण्या केल्या त्या वरवर पाहता किरकोळ वाटतील : स्वतंत्र शिधापत्रिका द्या, घर बांधायला जागा द्या. क्रांतीची भाषा बोलणाऱ्या एखाद्या तरुणाला या मागण्या सुधारकी वाटल्या असतील. परंतु समान पाणीवाटपाची मागणी करताना आपण म्हणतो, प्रत्येक कुटुंबाला पाणी. मग कुटुंब कोणाला म्हणायचे? टाकलेली बाई आणि तिची दोन पोरे हे कुटुंब आहे की नाही? ते कुटुंब नसेल तर तिला पाणी नाही, जागा नाही, धान्य नाही, पुनर्वसनात प्लॉट नाही. शिधापत्रिका मागणे म्हणजे ‘मी एक कुटुंब आहे’ असे सरकारकडून लिहून घेणे. जमिनीच्या आणि पाण्याच्या प्रत्येक लढ्याच्या मुळाशी ही व्याख्या बसलेली आहे. ती व्याख्या हलवण्याचे काम एका निवृत्त शिक्षिकेने केले. आपल्याच जिल्ह्यात संगमनेरला १९८८ साली समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली होती, हे येथील जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. तेव्हा हा प्रश्न केवळ कृष्णाकाठचा नव्हता.

यातून काय निष्पन्न झाले? काही झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख ठरवली. कायद्याचे श्रेय एकट्या कोणाला देणे हास्यास्पद होईल. पण ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यात पुरुषाचेच नाव असते ही समजूत ज्यांनी कचेऱ्यांच्या दारात बसून मोडली, त्या बायकांना विसरणे कृतघ्नपणाचे होईल. त्याच्याही आधीची एक गोष्ट या तालुक्याला चांगली माहीत आहे. १९७२ च्या दुष्काळात येथे बायका खडी फोडायला गेल्या. नंतर रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अंमलात आला. त्या कामावर बाईचे नाव मस्टरवर स्वतंत्र लागे आणि पगार तिच्या अंगठ्यावर मिळे. पाथर्डीच्या बाईला आपल्या कष्टाची किंमत स्वतःच्या हातात मोजून मिळण्याचा हा अनेक घरांतला पहिलाच प्रसंग असेल. इंदुताईंना पगाराच्या सहीने जे दिले, ते या बायकांना मस्टरने थोडेफार दिले.

आणि ऊसतोडीचे काय? तेथे आपण अद्याप १९५२ च्याही मागे आहोत. फडात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई नसेल तर पुरुष अर्धा कोयता. म्हणजे बाईवाचून कोयता पुरा होत नाही हे मुकादमाला मान्य आहे, पण उचल घेताना सही कोणाची? पुरुषाची. हिशेब कोणाशी? पुरुषाशी. पहाटे उठून भाकरी करणारी, पाचट काढणारी, मोळी बांधून डोक्यावरून गाडीत चढवणारी, संध्याकाळी कोपीवर परतून पुन्हा चूल पेटवणारी, अशी ही बाई कामगार म्हणून कोणत्या वहीत आहे? एक दिवस आजारी पडली तर खाडा मात्र दोघांवर पडतो. तिचे नाव दंडात दिसते, मजुरीत दिसत नाही. आणि मागे गावात जी म्हातारी चार नातवंडांना घेऊन सहा महिने राहते, त्यांना शाळेत धाडते, तापाला औषध आणते, ती तर कोयत्याच्याही बाहेर. ती नसती तर कोयता घरातून हललाच नसता. साखरेच्या भावात तिचा वाटा किती, असा प्रश्न परीक्षेत विचारावा असे मला नेहमी वाटे. अभ्यासक्रमात तो बसत नसे.

काल रात्री संयोजकांपैकी एक तरुण मित्र मला म्हणाले, ‘सर, कोयत्यात नवरा-बायको असा भेद पाडला तर मुकादमाचे फावेल. आधी दोघांची मजुरी वाढवून घेऊ, मग आपसांतले पाहू.’ ही शंका प्रामाणिक आहे आणि जुनीही आहे. १९४३ साली ‘आधी स्वराज्य’ म्हणत होते, १९५० मध्ये ‘आधी समाजवाद’ म्हणत होते. प्रतिसरकारने मात्र इंग्रज असतानाच न्यायदान मंडळे चालवली आणि मानपानाची लग्ने बंद केली. इंग्रज जाईपर्यंत वाट पाहिली नाही, आणि त्यामुळे लोकांचे बळ घटले नाही, वाढले. दोन नावांनी दोन मजुऱ्या मागितल्या तर मुकादमासमोर मागणारी माणसे दुप्पट होतात. साधा बेरजेचा प्रश्न आहे. अडचण मुकादमाची नाही. अडचण अशी की मग घरातल्या हिशेबातही दोन सह्या लागतील, आणि त्याला आपल्यातल्याच कित्येकांची तयारी नाही. हे मी सौम्यपणे सांगितले, असे समजा.

इंदुताईंना ‘क्रांतिवीरांगना’ म्हणून गौरवतात. शब्द उचित आहे. ज्या मुलीने सतराव्या वर्षी पिस्तूल पोचवले तिला तो शोभतो. पण त्या शब्दात चार वर्षांचा काळ मावतो. एक्क्याण्णव वर्षांपैकी उरलेल्यांना काय म्हणायचे? पिस्तूल पोचवायला एक रात्र लागते. खून झालेल्या घरात दुसऱ्या दिवशी उठून हजेरी घ्यायला जाणे, आणि मग रोज जाणे, त्याला वीरश्रीहून निराळे काही लागते. आपल्या फलकांवर बंदुकीचे चित्र काढता येते. हजेरीपटाचे कसे काढायचे हे चित्रकाराला सुचत नाही, एवढाच काय तो फरक. उद्या तुम्ही येथे त्यांची जयंती साजरी केलीत तर ‘शिक्षिका’ हा शब्द नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहा, अशी माझी विनंती आहे.

आता कामाचे बोलतो, कारण गाडीची वेळ होत आली. टोळ्यांची उचल पावसाळ्यातच वाटली जाऊ लागते आणि दिवाळीच्या सुमारास माणसे निघतात. त्याआधी तिसगाव आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर घरोघर जाऊन एक यादी करावी. घरातून कोणकोण तोडीला जाते, त्यांत बायका कोण, त्यांचे वय काय, उचल किती आणि ती कोणाच्या नावावर, मागे लेकरांपाशी कोण राहते, शिधापत्रिकेवर प्रमुख म्हणून प्रत्यक्षात कोणाचे नाव आहे, टाकलेल्या बायका किती आणि त्या कोणाच्या आश्रयाने राहतात, हे त्यात यावे. बायकांची माहिती बायकांनीच विचारावी आणि नवरा समोर नसताना विचारावी. गावातल्या शिक्षिकांना बरोबर घ्या. अर्धी माहिती त्यांच्यापाशी आधीच आहे. ‘घरकाम करते’ असे उत्तर कोणी दिले तर ते तसेच न लिहिता दिवसभर काय काय करते ते वेळेसह लिहून घ्या. मी एक वही बरोबर आणली आहे, पहिल्या दोन पानांवर रकाने आखले आहेत. कमी-जास्त वाटले तर बदला. यादी पुरी झाली की मला कळवा, आकडेमोडीला मी येतो.